दोन ते चारचा पहारा

या, पुढे सरका. सतरंजी अजून अर्धी रिकामी आहे आणि कीर्तनकार बुवांची मोटारसायकल साकोलीच्या अलीकडे आलेली नाही, म्हणजे आपल्याकडे घटकाभर वेळ आहे. मृदंगाला कणीक लावून होईतो एक गोष्ट सांगतो. देवाच्या दारात बसून सांगायची गोष्ट आहे, तेव्हा पदरचं काही घालणार नाही. ऐकताना एवढंच करा, कोण कोणाच्या हातात काय देतं तिकडे लक्ष ठेवा.

सौंदडच्या स्टेशनावरून आत सात-आठ किलोमीटर गेलं की बेहळटोला लागतो. साठ-सत्तर घरं, एक जुना तलाव, तलावाच्या पाळीला विठ्ठल-रखुमाईचं कवेलूंचं, म्हणजे कौलारू, देऊळ, पुढे टिनाचा मंडप. देवळाच्या भिंतीला भिंत लावून रहांगडाल्यांचं घर. त्या सामाईक भिंतीत वरच्या अंगाला एक झरोका आहे. त्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. बिसराम रहांगडाले त्या झरोक्याखाली खाट टाकून दोन वर्षं पडून होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. कान तेवढे शाबूत, आणि कीर्तनाच्या माणसाला कान राहिले म्हणजे पुष्कळ राहिलं.

त्याची सेवा करायला एकच लेक, दुर्गेश्वरी. वय चौतीस. सौंदडच्या बस थांब्याजवळ तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. लग्न केलं नाही. का केलं नाही हे गावानं विचारून विचारून सोडून दिलं होतं. रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी ती बापाच्या पायांना कोमट जवसाचं तेल चोळी. त्या पायांची तिला रेष न् रेष पाठ. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं, तरुणपणी कुऱ्हाडीखाली गेलेलं. उजव्या टाचेला जुन्या भेगा, धानाच्या वाळलेल्या बांधीसारख्या.

वैशाखात बेहळटोल्यात सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचे बारा पहारे. ज्याचा पहारा लागतो तो समोर येतो, मान खाली घालतो, ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पाया पडतो. मग तो याच्या पाया पडतो. दोर एका गळ्यातून निघतो, दुसऱ्या गळ्यात पडतो, आणि तार मधे थांबत नाही. या देवघेवीत वर पाहायचं नाही, ही तिथली रीत. माणूस पाहायचा नसतो, वीणा घ्यायची असते, असं जुने लोक सांगत. म्हणून बेहळटोल्याचे पहारेकरी एकमेकांना तोंडापेक्षा पायांनी जास्त ओळखतात.

बारांपैकी दुपारचा दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असे. बाहेर ऊन रणरणतं. पहाटे जंगलातून तेंदूपत्ता तोडून आलेली माणसं घरोघरी पुडे बांधायला बसलेली. उन्हाळी धानाची कापणी अंगावर. मंडपात चिटपाखरू नसतं. तो पहारा चाळीस वर्षं बिसरामचा. लहानपणी दुर्गेश्वरी खांबाला टेकून त्याला पाहत बसे. एकदा तिनं विचारलं होतं, "बाबूजी, मले काऊन नाई देत वीणा?" बायांच्या गळ्यात वीणा घालायची तिथे चाल नव्हती. बिसरामनं तार न थांबवता उत्तर दिलं होतं, "देईन कधीतरी." बापाची अशी वाक्यं लेकी विसरत नाहीत.

त्या वर्षी गावाला धास्ती दुसरीच होती. गावातली चारातली तीन घरं रहांगडाल्यांची, एका भावकीची. सप्ताह चालू असताना बिसरामनं डोळे मिटले तर साऱ्यांना सुतक, आणि सुतकात वीणेला हात लागत नाही. मग धरणार कोण? वीणा खाली टेकणार, आणि टेकणार ती बिसरामच्या पायी, ज्यानं चाळीस वर्षं ती टेकू दिली नाही.

देवळाच्या मंडळाचा प्रमुख टिकाराम खाटेशी येऊन बसला. दुर्गेश्वरीचा तो चुलता. "दादा, औंदा सप्ताह पुढं ढकलतो गा. तुले बरं वाटू दे." बिसरामनं डाव्या हातानं खाटेचं लाकूड तीनदा ठोकलं. नाही म्हणायची त्याची तीच खूण होती. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं.

गावची आशाताई कलाबाई रोज येऊन नाडी पाही. दुर्गेश्वरीनं तिला दारात गाठलं. "मावशी, काल्यापर्यंत तग धरतील काय?"

"मी आशाताई आहो, जोतिषी नाई," कलाबाई म्हणाली. मग चपला पायात घालताना थांबली. "आमच्या विहारात मी मागून घेतो त्यांच्यासाठी. तू तुमच्या देवाले माग. कोणाच्या तरी कानावर जाईन."

काल्यापर्यंत, म्हणजे सप्ताह सुटेपर्यंत. दुर्गेश्वरीला तेवढंच हवं होतं.

तिच्या हाताला जे येत होतं ते तिनं केलं. पोरं नागपूर-रायपूरला गेलेली, राहिलेले पहारेकरी म्हातारे नाहीतर थकलेले. मागल्या वर्षी दोघं झोपून राहिले आणि एकेकाला चार-चार तास उभं राहावं लागलं. शाळेच्या मागच्या खोलीत खोक्यात अकरा टॅब पडून होते. कोण्या जुन्या योजनेतले, सात इंची, हलक्या प्लास्टिकचे. ज्या ॲपसाठी आले ते कधीच बंद पडलं, आणि टॅब चालू केले की एकाच पडद्यावर अडकून बसत. हेडमास्तर म्हणाले, "ने बाई. तेवढीच उंदराची एक खोली कमी होईल."

दुर्गेश्वरीला अशा टाकलेल्या यंत्रांची माया. आतली जुनी सिस्टीम पुसायची आणि लिनक्स घालायचं. ते एका कंपनीच्या मालकीचं नाही; जगभरच्या माणसांनी लिहून मोकळं सोडलेलं आहे. कोणीही घ्यावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं. ती बापाजवळ बसून सांगे, "हे तुमच्या अभंगासारखं आहे, बाबूजी. घेतलं का पुढं द्याचं. दाबून नाई ठेवाचं." बिसराम डाव्या डोळ्यानं हसे.

पण स्वस्तातला टॅब सहजासहजी वळत नाही. एकावर अक्षरं उलटी दिसत. दुसऱ्यावर डावीकडे बोट टेकवलं की उजवीकडे उमटे. तिसऱ्याची घंटी वाजेना. तीन आठवडे ती दुकान बंद करून मागे बसली आणि दहा टॅब वळवले. अकराव्याला मात्र तिची चूक नडली. बोट ओळखणाऱ्या चिपला चालायला एक बारकी फाइल लागते, ती जुन्या सिस्टीममधेच असते, आणि पुसायच्या आधी काढून घ्यावी लागते. याची चिप बाकी दहांपेक्षा निराळी, आणि फाइल काढायच्या आधीच तिनं सगळं पुसलं होतं. टॅब चालू होई, अक्षरं लखलखीत दिसत, पण बोट लावलेलं त्याला कळतच नसे.

"बाबूजींच्या उजव्या हातासारखं झालं याचं," ती म्हणाली, आणि तोच टॅब बापाच्या उशाशी ठेवला. त्याला दाबायचं नव्हतंच. पाहायचं होतं.

एक टॅब देवळाच्या खांबाला, नऊ पहारेकऱ्यांच्या घरी, अकरावा बिसरामच्या उशाशी. देवळाच्या माळ्यावर जुना राउटर. पहारा लागायच्या आधी ज्याच्या त्याच्या घरी घंटी वाजायची. वीणा घेतली की खांबावरच्या टॅबवर 'घेतली' दाबायचं. ती खूण अकराही पडद्यांवर उमटायची. यादीत असलेल्या नावाचीच खूण उमटे. नवं नाव घालायचं तर तिचा लॅपटॉप लागे. कोणत्या टॅबवरून खूण आली हेही आत नोंदलं जाई.

नऊ जणांत अकरा पहारे वाटले गेले, दोघांनी दोन-दोन घेतले. राहिला दोन ते चारचा. "त्याचा माणूस मी पाहतो," असं टिकारामला सांगून ती घरी आली. सगळं चालतं का हे पाहायला यादीत एखादं नाव लागतं. बोटांना जे आधी सुचलं ते तिनं त्या रिकाम्या जागी टाकलं: बिसराम रहांगडाले, सातही दिवस. नंतर पुसायचं ठरलेलं. त्याच संध्याकाळी बिसरामला ताप चढला. एका हातानं कपाळावरची पट्टी बदलत, दुसऱ्या हातानं ती एका मेमरी कार्डाची नक्कल बाकीच्या दहांवर उतरवत बसली. नाव पुसायचं राहिलं. माणूस पाहायचाही राहिला.

गावानं ते नाव वाचलं आणि आपापला अर्थ लावला. पोरीनं बापाचा मान ठेवला. त्याच्या नावानं कोणीतरी उभं राहतच असेल. प्रत्येकानं ते दुसऱ्यावर सोडलं.

सप्ताह बसला. पहिले चार दिवस दुर्गेश्वरी खाटेपासून हलली नाही. बिसरामचा श्वास सकाळी वरवर चाले, संध्याकाळी घशात अडके. दुपारी मात्र दोन तास तो संथ होई, इतका संथ की तिचाही डोळा लागे. झरोक्यातून वीणेची तार येत राही. ती मनात म्हणे, औषध लागू पडलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हातपंपावर लीलाधर भेटला. भावकीतलाच, चार ते सहाचा पहारेकरी. पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, भरता भरता तिनं सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही कोणाजवळून घेता वीणा?"

"तुनंच त लावला माणूस. मले कायले विचारतं?"

"मीनं?"

"दोन ते चारचा." लीलाधर हसला. "मी काही तोंड नाई पाहत, बाई. पाय पाहतो. पाय पाहून वाटलं, बिसरामकाकाच्या रगताचा आहे कोणीतरी. बोट पण त्याच्यासारखंच."

"कोणतं बोट?"

"अर्धं आहे ना. डाव्या पायाचं."

गुंड भरून वाहत होता. लीलाधरनंच पुढे होऊन तो बाजूला केला.

ती तशीच उदारामकडे गेली. सत्तरीचा माणूस, बारा ते दोनचा पहारा त्याचा. तो पुडे बांधत होता. वर न पाहता बोलला. "दोनले समोर पाय येते, मी वीणा देतो. तेलानं चोपडलेले पाय. उन्हातून आलेल्या माणसाचे पाय असे थंड काऊन, असं मनात येते. पण वीणा गळ्यात असली का मी बोलत नाई."

देवळाच्या पायरीवर अनुसयाबाई होती. दृष्टी अधू, दिवसभर मंडपातच बसून राहणारी. तिला विचारलं तर तीच चिडली. "वीणा वाजून राहिली होती ना व? मग? कोण वाजवते हे पाहाले बसतो काय मी इथं?"

घरी येऊन दुर्गेश्वरीनं लॅपटॉप उघडला. यादीत नाव तसंच होतं. चार दिवस, दोन वाजून दोन मिनिटांनी, 'घेतली'. चारही खुणा एकाच टॅबवरून आलेल्या. क्रमांक अकरा.

तिनं उशाचा टॅब उचलला, बोट लावलं. काही नाही. दहा बोटं लावली. आतल्या नोंदी काढून पाहिल्या. स्पर्शाची चिप तिथे जागी झालेलीच नव्हती. त्या टॅबच्या लेखी बोट नावाची वस्तू जगात नव्हती. बिसराम तिच्याकडे पाहत होता. तिनं टॅब होता तसा ठेवला, त्याच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि पाय आहेत ना, असं दोनदा चाचपलं.

ती यंत्रं दुरुस्त करणारी बाई. बिघाड दिसला की काढायचा, एवढंच तिला ठाऊक. पाचव्या दिवशी सकाळी तिनं बापाचं नाव खोडलं, टिकारामचं घातलं, आणि त्याला जाऊन सांगितलं, "काका, आजपासून दोनले तुम्ही."

"अना आतापर्यंत कोण होता?"

"होते कोणी."

दोनला टिकारामनं वीणा घेतली. झरोक्यातून त्याचा जाड आवाज आला, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. खाटेवर बिसरामनं डोळे उघडले. डावा हात हवेत काही शोधू लागला. छाती उचलली आणि तिथेच राहिली.

कलाबाई नाडी धरून बसली होती. तिचा चेहरा बदलला. "लागत नाई मले. तू पाहा. अव, लागतच नाई."

दुर्गेश्वरीनं नाडी पाहिली नाही. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि झरोक्याला तोंड लावलं.

"काका, वीणा द्या."

तार वाजत राहिली. "कोणाले देऊ? इथं कोणी नाई."

"मान खाली घाला अना द्या."

"पोरी, खाली पडन ते."

"नाई पडत. वर पाहू नका, काका. मान खाली घाला."

रामकृष्णहरी थांबलं. तार थांबली नाही.

कोणीतरी वाकल्यावर गुडघा वाजतो तसा एक आवाज आला. मग कापडाची सळसळ. तार चालूच होती, पण चाल बदलली होती. आता ती सावकाश होती, दोन ठोक्यांत श्वास घेऊन पुढे जाणारी. दुर्गेश्वरीनं ती चाल खांबाला टेकून लहानपणी ऐकली होती.

"दिली," टिकारामचा आवाज आला, अगदी बारीक.

"आली," मागे कलाबाई म्हणाली. "नाडी आली."

दुर्गेश्वरी स्टुलावरून उतरली. टॅबवर दोन ते चारच्या समोर सकाळी तिनंच टिकारामचं नाव लिहिलं होतं. तिथे आता बिसराम रहांगडाले होतं.

थोड्या वेळानं टिकाराम दारात येऊन बसला. तांब्याभर पाणी प्याला. बिसरामकडे बघितलं, तो लहान लेकरासारखा शांत पडलेला.

"मी वर नाई पाहिलं," टिकाराम म्हणाला.

"बरं केलं."

"हात लागला त्याचा माह्या गळ्याले. दोर काढताना." कलाबाईनं वहीत नाडीचे ठोके लिहिले, वेळ लिहिली, आणि दोनच्या पुढची ओळ कोरी सोडली.

त्या दिवसानंतर यादीला कोणी हात लावला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं पाय चोळले, रोजच्यापेक्षा जास्त वेळ. तेल जिरू दिलं नाही, थोडं वरच ठेवलं. दुपारी पावणेचारला लीलाधरच्या घरून निरोप आला. धानाची ट्रॉली बांधीत रुतली, त्याला उशीर होईल. दुसरा माणूस शोधायला वेळ नव्हता. कलाबाईला खाटेशी बसवून दुर्गेश्वरी देवळात गेली.

पायरी तापली होती. मंडपात टिनाखाली वाफ कोंडलेली. बुक्क्याचा, वाळल्या तुळशीचा, उन्हात तापलेल्या सतरंजीचा वास. अनुसयाबाई भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. तार वाजत होती.

तिनं पायरीवरच मान खाली घातली. सतरंजीचे पट्टे मोजत पुढे गेली. निळा, तांबडा, निळा.

पट्टे संपले तिथे पाय होते.

डाव्या पायाचं बोट अर्धं. उजव्या टाचेला भेगा. तेल अजून चमकत होतं, आणि तेलाला मंडपातली धूळ चिकटली होती.

तिला वर पाहायचं होतं. दोन वर्षांत बाप उभा राहिलेला तिनं पाहिला नव्हता. मान उचलली असती तर दिसला असता, नाहीतर नसता दिसला. आणि वीणा मधल्या मधे राहिली असती. काला दोन दिवसांवर होता.

ती वाकली. कपाळ त्या पायांना लावलं. थंड होते.

मग कोणीतरी तिच्या पायांना हात लावला. बाप लेकीच्या पाया पडत नाही, पण वीणा घेणाऱ्याच्या पडतो.

दोर तिच्या गळ्यात पडला. वीणेचं वजन खांद्यावर आलं तेव्हा कळलं, लहानपणी वाटे त्यापेक्षा ती हलकी आहे. तिचं बोट तारेवर गेलं. तार थांबली नाही.

मान उचलली तेव्हा समोर विठोबा होता, आणि मधे कोणी नव्हतं.

वीस मिनिटांनी लीलाधर धापा टाकत आला, मान खाली घालून वाकला, आणि पाय पाहून क्षणभर अडखळला. मग त्यानं लेकीबाळीच्या पायांना हात लावला आणि वीणा घेतली. अनुसयाबाईनं डोळे न उघडता विचारलं, "बाईची चाल वाटली व मधे?"

घरी कलाबाई दारातच उभी होती. "चार वाजले अना हसले तुझे बाबूजी. मीनं पाहिलं." खाटेवर बिसराम झोपला होता. दुर्गेश्वरीनं पांघरुणाची कड उचलली. सकाळच्या तेलावर तळव्यापर्यंत धूळ होती. तिनं ती पुसली नाही.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. हंडी फुटली, वीणा आरतीनंतर रीतीप्रमाणे देवापुढे उतरली. सात दिवस कुठे टेकली नव्हती. दुर्गेश्वरीनं काल्यातली एक लाही दह्यात भिजवून बापाच्या जिभेवर ठेवली. गावाच्या पंगती उठल्या. दुपारी दोन वाजता बिसराम गेला. कलाबाईनं मनगट हातात धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, नाडी सुटली असं वाटलंच नाही, कोणाच्या तरी हातात दिल्यासारखी वाटली.

तेरवी झाली. टॅब परत आले. दहांची कार्डं तिनं पुसली. अकरावा पुसायच्या आधी शेवटच्या नोंदी वाचल्या. सातही दिवसांच्या खुणा होत्या. आणि सहाव्या दिवशी, चार वाजून तीन मिनिटांनी, एक जास्तीची ओळ होती.

दिली: बिसराम रहांगडाले. घेतली: दुर्गेश्वरी. टॅब क्रमांक अकरा.

तिचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं. तिनं घातलं नव्हतं, आणि लॅपटॉप पाचव्या दिवसापासून घरच्या पेटीत कुलपात होता. तिनं तो टॅब पुसला नाही. बापाच्या फोटोखाली लावून ठेवला आहे. बॅटरी फुगली आहे, पण चालतो.

दोन वर्षं झाली याला. आता दोन ते चारचा पहारा दुर्गेश्वरीचा. गावानं आधी कुरकुर केली, मग सवय केली. गेल्या वैशाखात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी उदाराम तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, रागावू नको. दोनले वीणा देताना मी तुझ्या पाया पडतो ना, तवा मले चार पाय दिसते."

"मग चारही पायाले हात लावत जा, आबा," ती म्हणाली.

तो लावतो. दोन उन्हानं तापलेले असतात, दोन थंड.

ते पाहा, फाटकाशी मोटारसायकल वाजली, बुवा आले. टाळ घ्या हाती. एकच मागणं आहे. आज वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाईल तेव्हा बिसराम रहांगडाल्याला एकदा आठवा. नाव मनातच घ्या, आणि मान खालीच असू द्या.